‘एमएसीएस १४०७ : एकरी ३९ क्विंटल, फवारणी शून्य’ – व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दाव्यांना मुद्देसूद उत्तर

घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली, कळवा, दिवा या पट्ट्यात नोकरी इथे आणि सातबारा गावाकडे अशी घरं पुष्कळ. शेती भाऊ किंवा वडील बघतात आणि बियाणं-खताचे पैसे इथून जातात. त्यामुळे पेरणीच्या आधी गाववाल्यांच्या ग्रुपवर येणारा सोयाबीनचा मेसेज नुसता वाचून सोडला जात नाही. त्यावर पैसे पाठवले जातात.

सध्या फिरणारा मेसेज थोडक्यात असा : ‘पुण्याच्या शास्त्रज्ञांचं नवं हायब्रीड सोयाबीन एमएसीएस १४०७. खास महाराष्ट्रासाठी. एकरी ३९ क्विंटल. चक्रीभुंगा, खोडमाशी, मावा, पांढरी माशी काहीही लागत नाही, फवारणी शून्य. २० जून ते ५ जुलै कधीही पेरा. शेंग फुटत नाही, काढणीची घाई नाही, हार्वेस्टर चालतो. तेल जास्त म्हणून भाव जास्त. मुरबाड-शहापूरला भाताच्या जागीही येतं. दरवर्षी नवीनच घ्या, घरचं बियाणं बेकायदा. बॅग ठाणे-नवी मुंबईत घरपोच, आगाऊ पैसे भरा.’ सोबत शेंगांनी लगडलेल्या एका झाडाचा आणि जांभळ्या फुलांच्या एका शेताचा फोटो.

आधी खरं काय ते. एमएसीएस १४०७ हे वाण अस्तित्वात आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते पारंपरिक संकर पद्धतीने निवडून काढलं आणि २०२१ मध्ये त्याची सरकारी घोषणा झाली. घोषणेत दिलेले गुण असे : हेक्टरी ३९ क्विंटल उत्पादन, चाचणीत तुलनेसाठी घेतलेल्या सर्वोत्तम वाणापेक्षा १७ टक्के जास्त, सरासरी ४३ दिवसांत निम्मी झाडं फुलावर, १०४ दिवसांत काढणी, पांढरी फुलं, पिवळा दाणा, दाण्यावर काळा डोळा, तेल १९.८१ टक्के, प्रथिनं ४१ टक्के. जाड खोड, जमिनीपासून ७ सेंटिमीटरवर पहिली शेंग, शेंगा फुटण्यास प्रतिकारक. वाण चांगलंच आहे. घोळ मेसेज बनवणाऱ्याने केला : आकडे ठेवले, पण ते कुठले आणि कशाचे ते पुसून टाकलं.

‘एकरी ३९ क्विंटल’

मूळ आकडा हेक्टरी आहे. हेक्टर म्हणजे २.४७ एकर, म्हणजे एकरी पावणेसोळा क्विंटल. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच लिहिलेलं असतं, तरी बोलताना आपण एकरच म्हणतो, आणि या फटीतून असे मेसेज तयार होतात.

पण कोणी म्हणेल की खताची मात्रा वाढवली, ठिबक केलं, तर एकरी ३९ का नाही? मग झाडापाशी बसून हिशेब करू. सोयाबीनची शिफारशीची पेरणी दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन झाडांत ५ सेंटिमीटर. म्हणजे एका झाडाला सव्वादोनशे चौरस सेंटिमीटर जागा आणि एकरात सुमारे १ लाख ८० हजार झाडं. ३९ क्विंटल म्हणजे ३९ लाख ग्रॅम. भागाकार केला की प्रत्येक झाडाला २१-२२ ग्रॅम दाणा यायला हवा. १०० दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर झाडामागे १८० दाणे, आणि शेंगेत सरासरी सव्वादोन ते अडीच दाणे धरले तर ७० ते ८० पूर्ण भरलेल्या शेंगा. एकरातल्या एकेका झाडाला. एकही झाड मेलेलं नको, एकही शेंग पोचट नको, ओळीत कुठे नांगा (मोकळी जागा) पडलेला नको, आणि हे सगळं सव्वादोनशे चौरस सेंटिमीटरमध्ये, शेजारच्या झाडांच्या सावलीत.

हाच हिशेब एकरी पावणेसोळा क्विंटलला लावला तर झाडामागे पावणेनऊ ग्रॅम, साधारण ३० शेंगा. हे चाचणीच्या प्लॉटवर, वेळेवर पेरणी आणि निंदणी करून जमतं. आणि राज्याची सरासरी? ती साधारण हेक्टरी १० ते १४ क्विंटलच्या दरम्यान फिरते, म्हणजे एकरी ४ ते साडेपाच. झाडामागे आठ ते अकरा शेंगा. एकरी १० ते १२ क्विंटल काढणारा शेतकरी गावात चांगला शेतकरी म्हणून ओळखला जातो, आणि तो तसा असतोही.

आता तो लगडलेल्या झाडाचा फोटो. दोनशे शेंगांचं झाड असतं, खोटं नाही. पण ते बांधाच्या कडेला, धुऱ्यावर किंवा आजूबाजूची झाडं मेलेल्या जागी असतं. चारी बाजूंनी ऊन आणि अन्न मिळालं की सोयाबीन फांद्या काढतं. तेच झाड ओळीत ५ सेंटिमीटरवर उभं केलं की फांद्या आखडतात. एका मोकळ्या झाडाच्या शेंगा मोजून त्याला दीड-पावणेदोन लाखांनी गुणणं हा या मेसेजचा सगळ्यात जुना खेळ आहे. रुंद सरी-वरंब्यावर टोकण करणारे, म्हणजे अंतर ठेवून दाणे हाताने लावणारे, शेतकरी झाडं कमी ठेवून फांद्या वाढवतात, बियाणंही वाचवतात. तिथे गुणाकार करताना झाडांचा आकडाही त्या प्रमाणात खाली आणावा लागतो, आणि मेसेजमध्ये तेवढंच विसरलं जातं.

‘पुण्याचं वाण, म्हणून खास महाराष्ट्रासाठी’

एमएसीएस म्हणजे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. आघारकर संस्था तीच. ही अक्षरं वाण कोणी काढलं ते सांगतात, कुठे पेरायचं ते सांगत नाहीत. १४०७ ची शिफारस आहे आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडच्या राज्यांसाठी. महाराष्ट्र त्या यादीत नाही.

असं का? देशात सोयाबीनचे विभाग पाडलेले आहेत आणि नव्या वाणाची चाचणी विभागवार होते. विदर्भ आणि मराठवाडा मध्य विभागात, मध्य प्रदेशाच्या जोडीला. दक्षिण महाराष्ट्र दक्षिण विभागात, कर्नाटक-तेलंगणाबरोबर. सोयाबीन दिवसाच्या लांबीवर चालणारं पीक आहे. रात्र पुरेशी लांब झाली की ते फुलावर येतं. गुवाहाटी २६ अक्षांशावर आणि सांगली १७ च्या आसपास, त्यामुळे तिथे ४३ दिवसांनी फुलणारं वाण इथे तितक्याच दिवसांत, तितक्याच उंचीवर फुलेल असं गृहीत धरता येत नाही. लवकर फुललं तर झाड खुजं राहतं, पेरं कमी, शेंगा कमी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रायपूर आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. त्यामुळे गोंदिया-भंडाऱ्यात हे वाण उगवणारच नाही किंवा फळणारच नाही असं कोणी म्हटलं तर तेही चूकच. येईल. पण हेक्टरी ३९ हा आकडा तिकडच्या पावसातला, तिकडच्या जमिनीतला आहे. तो वाशीम, लातूर किंवा वाळव्याच्या शेताला चिकटवायला आधार नाही. आमचं मत विचाराल तर, प्रयोग करायची हौस असेल तर दोन-चार गुंठे पेरावं, अख्खं रान त्यावर लावू नये.

त्यापेक्षा घरच्या मातीत तपासलेली वाणं हाताशी आहेत. सांगली-कोल्हापूर-सातारा पट्ट्यात तांबेरा हा पानांवरचा बुरशीचा रोग खरा शत्रू. तिथे राहुरी कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्राची फुले संगम (केडीएस ७२६) आणि फुले किमया (केडीएस ७५३) ही वाणं तांबेऱ्याला सहनशील म्हणूनच पसरली. आघारकर संस्थेचंच हवं असेल तर एमएसीएस ११८८ दक्षिण विभागासाठी आहे. मराठवाड्यासाठी परभणी कृषी विद्यापीठाची एमएयूएस ७१, १५८, १६२, ६१२. विदर्भासाठी अकोला कृषी विद्यापीठाची यलो गोल्ड (एएमएस १००१), सुवर्ण सोया, पीडीकेव्ही अंबा. हलकी जमीन असेल तर जबलपूरचं जेएस ९३-०५, जे ९० ते ९५ दिवसांत निघतं आणि ज्याला चार दाण्यांच्या शेंगा येतात.

चार दाण्यांच्या शेंगेवरून आठवलं, मेसेजच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘प्रत्येक शेंगेत चार दाणे’ असंही घुसवलेलं आहे. १४०७ च्या घोषणेत तसं काही नाही. आणि शेताच्या फोटोतली फुलं जांभळी आहेत. १४०७ ची फुलं पांढरी. फोटो जेएस ३३५ चा असू शकतो, आणखी कशाचाही असू शकतो, पण १४०७ चा नाही.

‘काहीही लागत नाही, फवारणी शून्य’

सगळ्यात जास्त नुकसान करणारी ओळ हीच. घोषणेतली यादी खरी आहे : चक्रीभुंगा, पाने पोखरणारी आणि पाने गुंडाळणारी अळी, खोडमाशी, मावा, पांढरी माशी, पाने खाणाऱ्या अळ्या. शब्द आहे ‘प्रतिकारक’. चाचणीत हा शब्द तुलनेने वापरतात. शेजारच्या वाणात शंभर झाडांपैकी इतकी पोखरली आणि यात इतकी कमी, म्हणून हे प्रतिकारक. कीड बसतच नाही असा त्याचा अर्थ कधीच नसतो. वर्ष किडीचं निघालं की प्रतिकारक वाणातही नुकसान होतं, फक्त कमी होतं.

दुसरं, ती यादी किडींची आहे. तांबेरा, चारकोल रॉट (मूळ-खोड सडवणारी बुरशी), शेंगेवरचा करपा हे रोग त्यात नाहीत. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात विदर्भात पिवळा मोझॅक, मूळकूज आणि चारकोल रॉटने शेतं बघता बघता पिवळी पडून वाळली. त्या वर्षी ज्यांची भिस्त नुसत्या फवारणीवर होती तेही हतबल होते. बियाण्यावर बुरशीनाशक लावलंच नाही, पाणी साचलं, मग पावसाची ओढ बसली, अशा साखळीतून मूळ सडतं. त्यावर वाणाच्या नावाचा उतारा नाही.

म्हणून गावाकडे फोन करताना ‘फवारू नका’ सांगण्यापेक्षा काय बघायचं ते सांगा.

चक्रीभुंग्याची मादी पानाच्या देठावर किंवा खोडावर एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन गोल खाचा करते आणि मधे अंडी घालते. खाचेच्या वरचा भाग सुकून लोंबतो. हिरव्यागार शेतात एखादंच पान कोमेजलेलं दिसलं की देठ हातात घेऊन बघा, दोन कडी स्पष्ट दिसतात. या टप्प्यात तो देठ खालच्या खाचेच्या खालून तोडून बांधाबाहेर नेऊन नष्ट केला तर अळी तिथेच संपते. उशीर झाला की अळी खोडातून खाली उतरते आणि पीक पक्व होताना झाड बुडापासून वीतभर वरून कापून पाडते. तेव्हा फवारणीचा पैसा मातीत.

खोडमाशी बाहेरून दिसत नाही. उगवणीनंतर दोन आठवड्यांतली सुकलेली रोपं उपटून खोड उभं चिरा. आत लालसर नागमोडी भुयार दिसलं की तीच. यासाठी खरा उपाय पेरणीआधीचा : थायामेथोक्झाम ३० टक्के एफएस, किलोला १० मिली, बियाण्याला लावलेलं असेल तर पहिले तीन-चार आठवडे बरंचसं निभावतं. क्रम मात्र पाळायचा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, बियाणं सावलीत सुकवून पेरणीच्या अगदी आधी रायझोबियम (मुळावर गाठी करणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू. उलटं केलं तर रायझोबियम मरतं आणि मुळावर गाठी येत नाहीत. लावताना बियाणं घमेल्यात खसाखसा चोळू नये, साल सुटते. ताडपत्रीवर पसरून हलक्या हाताने खालीवर करावं.

पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी ओळीच्या एका मीटरखाली कापड धरून झाडं हलवा. तीन-चार अळ्या पडल्या तर फवारणीची वेळ, एखादी पडली तर नाही. चक्रीभुंगा, खोडमाशी आणि अळ्या एकत्र असतील तर क्लोरअँट्रानिलीप्रोल १८.५ एससी एकरी ६० मिली, २०० लिटर पाण्यात. पाणी अर्धं करून ‘भागवलं’ की औषध वरच्या पानांवरच राहतं आणि खोडमाशी खाली तशीच.

‘२० जून ते ५ जुलै कधीही पेरा’

ही मुदत घोषणेत आहे, पण ती त्या भागातल्या पावसाच्या वेळापत्रकावर. आपल्याकडे तारीख बघून पेरलं की दुबार पेरणी ठरलेली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस आणि सहा इंच ओल, हे झाल्याशिवाय सोयाबीन जमिनीत टाकू नये. खोली ३ ते ५ सेंटिमीटर. पाच सेंटिमीटरच्या खाली गेलेला दाणा वरची माती चिकट झाली की मान मोडून तिथेच राहतो.

दुसरा हिशेब काढणीच्या टोकाचा. ५ जुलैला १०४ दिवसांचं वाण पेरलं तर काढणी १७ ऑक्टोबर. महाराष्ट्रातला पाऊस तोवर बहुधा परतलेला असतो. खोल काळ्या जमिनीत शेंग भरायला साठलेली ओल पुरते. मुरमाड, हलक्या रानात सप्टेंबरअखेर दाणे भरतानाच ताण बसतो आणि दाणा चपटा राहतो. अशा रानात पाऊस उशिरा आला तर ९० दिवसांच्या आतबाहेरचं वाण घ्यावं. मागून हरभरा घ्यायचा असेल तर हे दहा-पंधरा दिवस दुप्पट महत्त्वाचे.

‘शेंग फुटत नाही, हार्वेस्टर चालवा’

शेंग फुटण्यास प्रतिकार म्हणजे चार-आठ दिवसांची सवलत. ९० ते ९५ टक्के शेंगा तपकिरी झाल्या की काढणी. त्यानंतर शेतात उभं ठेवलं आणि पाऊस झाला तर शेंग फुटणार नाही कदाचित, पण आत दाणा फुगेल, डागाळेल, कोंब धरेल. पुढच्या वर्षी बियाणं म्हणून तो गेलाच.

७ सेंटिमीटरवर पहिली शेंग हे वाणाचं वैशिष्ट्य चांगलं आहे. पण ७ सेंटिमीटर म्हणजे चार बोटं. रान सपाट नसेल, सऱ्या असतील, दगड असतील, तर हार्वेस्टरवाला पातं तेवढं खाली आणत नाही. खालच्या शेंगा धसकटाला राहतात. यंत्राने काढायचं असेल तर परभणीचं एमएयूएस १६२ त्यासाठी शिफारस झालेलं आहे, आणि रान मात्र तुम्हालाच सपाट करावं लागेल.

‘तेल जास्त, भाव जास्त’

बाजार समितीत आडत्या दाण्याची ओल, कचरा, डागी आणि फुटका दाणा बघतो. तेलाचा टक्का मोजून वाणागणिक भाव कोणी लावत नाही. हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये होता, तो सगळ्या पिवळ्या सोयाबीनला एकच, आणि हमीभावाच्या खरेदीत ओलीची मर्यादा १२ टक्के. मळणीनंतर दोन उन्हं दिलीत तर वाणापेक्षा जास्त फायदा.

‘मुरबाड-शहापूरला भाताच्या जागी’

ठाणे जिल्ह्यात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि भाताच्या खाचराला बांध घालतात तेच मुळी पाणी अडवायला. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठींना हवा लागते. दोन-तीन दिवस पाणी उभं राहिलं की पानं पिवळी पडतात, गाठी काम सोडतात आणि मूळकूज शिरते. बांध फोडून, चर काढून, रुंद वरंबे करून चढाच्या रानात थोडंसं घेता येईल, पण जुलैत निंदायला वाफसाच मिळत नाही आणि तणं पिकावर जातात. गिऱ्हाईक, मळणी यंत्र, वाहतूक यातलं काहीही आजूबाजूला सोयाबीनसाठी उभं नाही. खाचरात भातच लावा. भातानंतरच्या ओलीवर वाल, हरभरा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येतोच.

‘हायब्रीड आहे, दरवर्षी नवीनच घ्या, बॅग घरपोच’

सोयाबीन स्वपरागीभवनाचं पीक. फूल उमलण्याआधीच परागीभवन बहुतेक उरकलेलं असतं, परक्या परागाचं प्रमाण साधारण एक टक्क्याहून कमी. म्हणून बाजारात सोयाबीनची सरळ वाणं असतात, म्हणजे ज्यांचं बियाणं राखून पेरलं तरी तेच पीक येतं. १४०७ संकरातून निवडलेलं असलं तरी सरळ वाणच. हायब्रीड सोयाबीन म्हणून बॅग विकणारा तिथेच उघडा पडतो. ‘बीटी सोयाबीन’ म्हणून कोणी विकत असेल तर ते आणखी वाईट, भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगीच नाही.

सरळ वाण असल्यामुळे एकदा घेतलेलं प्रमाणित बियाणं तीन हंगामांपर्यंत घरचं राखून पेरता येतं. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने स्वतःच्या शेतातलं बियाणं ठेवायचा, पेरायचा, अदलाबदलीचा, विकायचाही हक्क शेतकऱ्याला दिलेला आहे. फक्त ब्रँडचं नाव लावून ते विकता येत नाही. ‘घरचं बियाणं बेकायदा’ ही धमकी चक्क खोटी आहे.

घरचं राखताना जिथे बिघडतं त्या जागा ठरावीक आहेत. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ, आणि कोंब सालीच्या लगेच खाली. मळणी यंत्राच्या ड्रमचे फेरे जास्त झाले की दाणा वरून धड दिसतो आणि आत कोंब चिरलेला असतो. ओल १४ टक्के असताना मिनिटाला ४०० ते ५०० फेरे, १३ टक्के असताना ३०० ते ४००, यापुढे जाऊ नये. पोती सिमेंटच्या फरशीवर थेट नकोत, लाकडी फळ्यांवर ठेवावीत आणि सातापेक्षा जास्त थर नकोत. वरून आपटलेलं पोतं बियाणं राहत नाही.

हे आपटणं मुंबईकडून बियाणं नेणाऱ्यांनी खास लक्षात ठेवावं. घरपोच बॅग म्हणजे कुरिअरच्या गाडीत चार वेळा फेकलेली, मग मे महिन्यात घणसोली-ऐरोलीच्या खाडीकाठच्या दमट हवेत बाल्कनीत पडून राहिलेली, मग ट्रॅव्हल्सच्या डिकीत सामानाखाली दाबून गावी पोहोचलेली. दाणा हवेतली ओल ओढतो. १२ टक्क्यांचा दाणा अशा हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत १३-१४ कडे सरकतो आणि उगवण खाली येते. बॅगवर ७० टक्के छापलेलं असलं तरी शेतात ते मिळेल याची हमी राहत नाही. वाशीच्या दाणाबाजारातलं खाण्याचं किंवा गाळपाचं सोयाबीन स्वस्तात नेऊन पेरायचा विचार तर सोडाच, त्यात चार वाणं मिसळलेली आणि वेगाने मळलेली असतात.

बियाणं कुठलंही असो, गावात उगवण तपासून घ्यायला सांगा. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा दाणे, दाण्या-दाण्यांत दोन सेंटिमीटर, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून धड, सरळ कोंब आणि मूळ असलेली रोपंच मोजायची. वाकडी, सडलेली नाहीत. ७० किंवा जास्त निघाली तर एकरी ३० किलो. १२ ग्रॅमच्या दाण्याने ३० किलोत अडीच लाख दाणे बसतात, त्यातले ७० टक्के म्हणजे पावणेदोन लाख रोपं, वर सांगितलेल्या झाडांच्या आकड्याशी जुळतं. ६० निघाली तर ३५ किलो लागतील. ६० च्या खाली असेल तर ते बियाणं तेलाला विका.

आता ज्यांनी आगाऊ पैसे भरून टाकलेत त्यांच्यासाठी. जेएस ३३५ असो की १४०७, दोन्हीचा दाणा पिवळा आणि डोळा काळा, त्यामुळे बॅग उघडून नुसतं बघून वाण ओळखता येणार नाही. बघायचा तो टॅग. प्रमाणित बियाण्याला निळा, पायाभूतला पांढरा, पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, सत्यप्रत म्हणजे विक्रेत्याच्या स्वतःच्या हमीवरच्या बियाण्याला हिरवट. टॅगवर वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवण टक्का, चाचणीची तारीख आणि वैधता असते. विक्रेत्याकडे बियाणे विक्रीचा परवाना हवा आणि पावतीवर लॉट नंबर हवा. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. यापैकी काही देत नसेल तर डिलिव्हरी घेऊ नका, तालुक्याच्या दुकानातून महाबीजचं (राज्याच्या बियाणे महामंडळाचं) किंवा कृषी विद्यापीठाचं बियाणं गावीच उचलायला सांगा.

बॅग शिलाईच्या बाजूने न उघडता खालून उघडावी, म्हणजे टॅग आणि शिलाई शाबूत राहते. मूठभर बियाणं त्याच बॅगेत ठेवून द्यावं. उगवण फसली तर पेरणीनंतर आठवड्याभरात पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करायचा. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात पंचनाम्याला येते तेव्हा पहिल्यांदा पावती, टॅग आणि हे मूठभर बियाणंच मागते.